साडेसव्वीस इंचांचा ओटा

१२ फेब्रुवारी, रविवार
सकाळचे सात वाजून दहा मिनिटं

ताईस धाकट्याचा नमस्कार.

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी नव्या घराच्या स्वयंपाकघरात फरशीवर उकिडवा बसून खडूने ओटा आखत होतो. तीनदा आखला आणि तीनदा पुसला. शेवटी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा उठलो आणि ठरवलं, आधी तुला विचारावं.

फोनवर आपण दोघंही 'बरं आहे ना, बरं आहे' याच्या पुढे जात नाही. शिवाय दोरी फोनवरून पाठवता येत नाही. म्हणून पत्र.

स्वयंपाकघर सात फूट बाय नऊ फूट आहे. एक खिडकी, एक नळ, आणि बाहेरच्या खोलीच्या मध्ये एक भिंत. आधीच्या मालकाने असा संसार केला की एक माणूस आत गेला तर दुसऱ्याने बाहेर वाट बघायची. घर तळमजल्यावर आहे म्हणून स्वस्तात मिळालं, हे मी दुकानात कुणाला सांगितलेलं नाही. पण आपल्या दोघांतलं पहिलं स्वतःचं घर आहे, हे मात्र सगळ्यांना दोन-दोनदा सांगून झालं आहे.

मी सात वर्षं काच कापतो आहे. मोठ्या घरांत आरसे बसवायला जातो तेव्हा त्यांची स्वयंपाकघरं बघून घेतो. तिथे पाहुणे ओट्याला टेकून गप्पा मारतात आणि घरधनी कांदा चिरता चिरता त्यांच्याबरोबर हसतो. आपल्याकडे पाहुणे बाहेर असायचे आणि तू आत, पाठ दाराकडे करून. मी मधल्या मध्ये पळत येऊन तुला सांगायचो, कोण काय म्हणालं. बाहेरचं हसू संपल्यावर विनोद तुझ्यापर्यंत पोचायचा, आणि तोही मी चुकीचा सांगायचो.

तर भिंत पाडणार आहे. पण गॅसची नळी आणि सांडपाण्याचं तोंड मागच्या भिंतीला आहे, त्यामुळे ओटा तिथेच राहणार आणि काम करणाऱ्याची पाठ पाहुण्यांकडेच होणार. त्यावर मी तोड काढली आहे. कामाच्या जागेसमोर भिंतीत लांब आरसा. गॅसच्या ज्योतीमागे नाही, तिथे तो तडकतो. जिथे चिरायचं, मळायचं, वाढून घ्यायचं, तिथे. म्हणजे वळून न बघता सगळी खोली दिसेल.

ओट्याखालच्या कपाटांना तीन दारं लावणार आहे, दुकानात उरलेल्या नक्षीच्या काचांची. एक रेघांची, एक दाणेदार, एक दुधी. एकसारखी तीन आणता येतील, पण मग ते कुणाचंही घर वाटेल. भिंतीला हिरवा रंग. कुठला हिरवा, तर साध्या काचेच्या कडेकडून बघितलं की जो दिसतो तो. लोक काचेतून बघतात, कडेकडून फक्त आम्ही बघतो.

तीस एप्रिलला, रविवारी, माणसं जेवायला बोलवली आहेत. आमचे मालक, माझ्याबरोबर काच उचलणारा लांब्या, त्याची बायको, आणि हे काम करणारे सुतारमामा. आणि तू. मुख्य तूच. मला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नाही. रस्सा तू करणार, सगळ्यांसमोर, आरशात बघत. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की माझी ताई दीडशे मुलींच्या वसतिगृहाची मुख्य आचारी आहे. आता दाखवायची आहे.

ओटा तुझ्या मापाचा करायचा आहे, मी कसाही वाकेन. जमिनीपासून कोपरापर्यंत दोरी धर, अप्पांसारखी गाठ मार आणि पाकिटात घालून पाठव. अप्पांनी जन्मभर दोरीवर खिडक्यांच्या चौकटी केल्या आणि एकही खिडकी अडकली नाही, यावर लांब्याचा विश्वास बसत नाही.

तुझा धाकटा

•

२१ फेब्रुवारी

चि. इंच्यास अनेक आशीर्वाद.

मांजराच्या शेपटीचं माप घेणारा मुलगा घराचा मालक झाला. तुझं पत्र मी इथल्या बायकांना वाचून दाखवलं. आरशाची कल्पना ऐकून भांडी घासणारी म्हणाली, 'तुमच्या भावाला सांगा, एक इथेही लावून द्या. मुली मागून काय उचलून नेतात ते कळेल.'

रंग हिरवाच ठेव. कुणी पिवळा सुचवला तर त्याला त्याच्या घरी लावायला सांग. तीन वेगळ्या काचा मला फार आवडल्या.

दोरी सोबत आहे. इतक्या वर्षांत लोकांनी मला मीठ किती, तांदूळ किती, माणसं किती एवढंच विचारलं. मला कोपर आहे हे तुझ्याच लक्षात आलं.

तीस तारखेचं आत्ताच नक्की धरू नकोस. इथे परीक्षांचे दिवस असतात. मुली रडत जेवतात आणि जास्त जेवतात. बघू.

ताई

•

५ मार्च, रविवार
सकाळचे साडेनऊ

ताईस नमस्कार.

भिंत पाडली. दोन दिवस घरात धूळ आणि मी असे दोघंच राहत होतो. पण आता बाहेरच्या खोलीत बसलं की खिडकीतला उजेड थेट पायापर्यंत येतो. शेजारच्या बाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, घर मोठं घेतलंस की काय. मी त्यांना चहा दिला. पहिला पाहुणा म्हणून त्यांची नोंद झाली.

आता कामाचं. तुझी दोरी मी चारदा मोजली. साडेसव्वीस इंच भरते. ताई, तू पाच फूट तीन इंच. तुझं कोपर साडेसव्वीस इंचांवर येणं शक्य नाही. सुतारमामांनी दोरी हातात घेतली आणि विचारलं, 'धुतलीस का? आटली असेल.'

बहुतेक घाईत गाठ चुकीच्या जागी बसली. राग मानू नकोस. दगड एकदा कापला की वाढवता येत नाही, म्हणून विचारतो. परत एकदा मोजून पाठव. दुसऱ्या कुणाला तरी दोरीचं खालचं टोक जमिनीवर धरायला सांग, म्हणजे हलणार नाही.

तीस तारखेचं काही कळलं का? मालकांना मी सांगून बसलो आहे.

तुझा धाकटा

•

१३ मार्च

चि. इंच्यास आशीर्वाद.

दोरी बरोबर आहे. परत मोजणार नाही.

तू ज्यांच्या घरी आरसे लावतोस ते चार माणसांचा स्वयंपाक करतात. मोठं पातेलं उंच ओट्यावर ठेवलं तर ढवळताना खांदा निघून येतो. आमच्या इथले मोठ्या पातेल्यांचे चुले गुडघ्याएवढे असतात, येऊन बघ. तुला माणसं बोलवायची आहेत ना, मग पातेलं मोठं लागणार आणि ओटा खालीच लागणार. सुतारमामांना म्हणावं, लाकडाचं तुम्ही बघा, रश्श्याचं मी बघते.

आणि अप्पा काय म्हणायचे ते विसरलास का? गिऱ्हाइकाने लाकूड वाचवायला दोरी दोन बोटं आखूड धरा म्हटलं, तर हातातलं काम परत केलं त्यांनी. घरी येऊन आपल्याला म्हणाले, 'तोंडाने माणूस थोडं इकडचं तिकडचं बोलतो. दोरीत बोलायचं नाही.'

मी बरी आहे. हाताखालच्या मुली तयार झाल्या आहेत. मी आता राणीसारखी बसून हुकूम सोडते.

ताई

•

२ एप्रिल, रविवार
सकाळचे आठ. नव्या ओट्यावर कागद ठेवून लिहितो आहे.

ताईस नमस्कार.

ओटा झाला. साडेसव्वीस इंच, सुताएवढाही फरक नाही. काळा दगड, पुढची कड गोल करून घेतली आहे. खाली तीन काचेची दारं. सकाळी खिडकीतून ऊन येतं तेव्हा रेघांच्या दाराच्या रेघा फरशीवर पडतात. त्याच्या शेजारी दाणेदार दाराचे दाणे. दुधी दार काहीच करत नाही, नुसतं उजळतं. मी कामाला जायच्या आधी पाच मिनिटं नुसता उभा राहून बघतो. लांब्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, 'लग्न कर रे बाबा.'

ओट्याच्या उंचीवरून मात्र मी पुष्कळ ऐकून घेतलं. सुतारमामा दगड बसवताना म्हणाले, 'हा ओटा आहे की पायरी? पाहुणे आले की यावर चपला काढतील.' लांब्या तर त्याच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, 'मला रस्सा गुडघ्याने ढवळावा लागेल.' मी सगळ्यांना मोठ्या पातेल्याचं कारण समजावून सांगितलं, खांदा कसा निघतो तेही. मामा म्हणाले, 'तुझी ताई आल्यावर बोलू.' मी म्हणालो, 'बोलाच.'

चिरायला उभा राहिलो की माझी पाठ दुखते, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

आता एकच मोठं काम उरलं. आरसा. पाच फूट रुंद, पण उंची फक्त एक फूट, कारण वर फळी येणार आहे. त्यामुळे तो नेमका तुझ्या डोळ्यांसमोर आला पाहिजे. चार बोटं वर गेला तर तुला छत दिसेल, खाली गेला तर पाहुण्यांचे पाय. काच कापताना हिऱ्याचा ओरखडा एकदाच मारायचा असतो, त्यावर दुसरा चालत नाही. म्हणून ओट्यापुढे उभी राहिल्यावर जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची दोरी हवी. कोरी दोरी पाकिटात घातली आहे. आमच्या दुकानातलीच आहे, ताणली तरी वाढत नाही.

वीस तारखेपर्यंत मिळाली तर आरसा पंचवीसपर्यंत लागेल. तीसला तू येतेस हे मी धरूनच चाललो आहे. नाही म्हणू नकोस. बाकीची माणसं निमित्ताची आहेत.

तुझा धाकटा

•

१७ एप्रिल

चि. इंच्यास आशीर्वाद.

उशीर झाला. दोरीला गाठ मारली आहे. आरसा त्याच गाठीला लाव, विचारत बसू नकोस.

तीसला मला जमणार नाही. रश्श्याची कृती मागच्या पानावर दिली आहे. लांब्याच्या बायकोला दाखव, तिला जमेल. कांदा घाई न करता परतायचा.

ओट्याचं तू लिहिलंस ते मी तीन वेळा वाचलं. रेघा फरशीवर पडतात ते फार छान लिहिलं आहेस.

ताई

•

२० एप्रिल, गुरुवार
संध्याकाळचे सहा वाजून वीस मिनिटं

ताईस नमस्कार.

दुपारी तुझं पाकीट आलं. कामावरून येऊन मी हातपायही न धुता दोरी भिंतीला लावली. गाठ पंचेचाळीस इंचांवर आली.

आधी वाटलं, वाटेत गाठ सरकली. पण तुझी गाठ सरकत नाही. मग अप्पांच्या घराचं अर्धं दार आठवलं. तू त्याच्यावर हनुवटी टेकवून रस्ता बघायचीस, आणि ते दार चार फुटांच्या वर होतं. मोठी पातेली ओटा खाली आणतात ताई, डोळे खाली आणत नाहीत.

सुतारमामांचं स्टूल कोपऱ्यात होतं. ते ओढून ओट्यापुढे बसलो. कोपर दगडावर टेकलं, तेही न वाकता. समोर भिंतीवर तुझी गाठ होती, माझ्या डोळ्यांच्या दोन-तीन बोटं खाली. तेवढा मी तुझ्यापेक्षा उंच आहेच. इतके दिवस माझी पाठ का दुखत होती तेही कळलं. ओटा चुकलेला नव्हता, मी उगाच उभा राहत होतो.

तिथे किती वेळ बसलो ते बघितलं नाही.

काय झालं, कधी झालं, मी विचारत नाही. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. पत्रात तू मला पातेली सांगितलीस त्याचा राग नाही. दोरीत तू दोन्ही वेळा खरं तेच बांधलंस.

पण एक चूक माझ्या लक्षात आली. ओट्याखाली कपाटं आहेत. बसणाऱ्याचे गुडघे कुठे जाणार? आत्ताच मामांना बोलावून आणलं. त्यांना एवढंच म्हणालो की ही तिन्ही दारं आणि मागचं खोकं काढायचं. ते म्हणाले, 'डोकं ठिकाणावर आहे का? याच दारांसाठी मला आठ दिवस छळलंस.' मी स्टुलाकडे बोट दाखवलं आणि बसा म्हणालो. ते बसले, त्यांचे गुडघे रेघांच्या काचेला लागले, कोपरं दगडावर आली. मामांनी उठून पिशवीतून पेचकस काढला. मग स्क्रू ढिले करायला लागले. दुसरा स्क्रू काढताना म्हणाले, 'पायरी म्हणालो होतो, ते शब्द परत घेतो.'

काचा फुकट जाणार नाहीत. तिन्ही दारं खिडकीला आतून लावतो. आता रेघा, दाणे सगळं ओट्यावर पडेल, तुझ्या हातांवर.

बाहेरच्या दाराशी एक पायरी आहे, मामा तिथे उताराची फळी करत आहेत. तळमजला आहे हे आजपासून मी सगळ्यांना सांगणार. लांब्याला सांगून चार स्टुलं मागवली, सगळी एका उंचीची. या घरात उभं राहून काम करायचं नाही आणि उभं राहून गप्पाही मारायच्या नाहीत. जो येईल तो ओट्याशी बसेल, त्याला सुरी आणि कांदा मिळेल.

फक्त न्हाणीघराचं दार बावीस इंच आहे. म्हणून अजून एक दोरी पाठव, तुझ्या खुर्चीच्या रुंदीची. दीडशे मुलींच्या स्वयंपाकघरात साध्या खुर्चीवर बसून फिरता येत नाही, म्हणून चाकं आहेत असं मी धरतो. चाकांसकट मोज. माझा अंदाज चुकला असेल तर हस आणि सोडून दे.

आरसा उद्या कापतो. पंचेचाळीस.

तुझा धाकटा

•

२४ एप्रिल

चि. इंच्यास आशीर्वाद.

चोवीस इंच. चाकांसकट. दोरी सोबत आहे, आणि हे पत्र घेऊन येणाऱ्या मुलीचं घर तुमच्या बाजूलाच आहे, म्हणून आजच्या आज मिळेल.

डिसेंबरात ओल्या फरशीवरून घसरले. हातात पातेलं होतं, ते सोडलं नाही. सोडलं असतं तर हात टेकता आला असता. खुबा मोडला. डॉक्टर म्हणतात, काठीने दहा-बारा पावलं, बाकी चाकं. दीड महिन्यात कामावर आले. मी बसले म्हणून माझी जागा कुणाला मिळाली नाही. चुले खाली होतेच, टेबलाचे पाय कापून घेतले. मुलींना सांगून ठेवलं आहे, मला कुणी ढकलायचं नाही, मागितलं तरच. आणि मी अजून मागितलेलं नाही.

तुला का नाही सांगितलं? डिसेंबरात तू घराचे कागद करत होतास. तुझ्या पत्रातली अक्षरं उड्या मारत होती. सांगितलं असतं तर तू कागद तिथेच टाकून इथे येऊन बसला असतास, मला माहीत नाही का तू. नंतर सांगायचं राहिलं. आणि मग तू लिहिलंस की आता दाखवायची आहे. तू लोकांना उभी ताई सांगितली होतीस. बसलेली कशी आणू?

पहिली दोरी घेतली तेव्हा वाटलं, उभं असताना कोपर कुठे यायचं ते आठवून गाठ मारावी. दोनदा मारली, दोनदा सोडली. अप्पांची दोरी, त्यात ते जमेना. मनात म्हटलं, इंच्याला कळलं तर कळलं. तू मात्र पातेल्यांवर विश्वास ठेवून बसलास. इतका कसा रे भोळा तू.

दुसऱ्या दोरीला पंधरा दिवस लावले ते त्यासाठीच.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. दारं काढायला नको होती, पण काढलीस ते बरोबर केलंस. लांब्याच्या बायकोला म्हणावं, रश्श्याची कृती परत दे.

शनिवारी दुपारी पोचते. फळीवरून मी एकटी चढणार. तू मागे उभा राहा, पण हात खिशात.

ताई

•

१४ मे, रविवार
सकाळचे सात वाजून पाच मिनिटं. ओट्याशी बसून लिहितो आहे.

ताईस नमस्कार.

गाडी सुटताना तू खिडकीतून म्हणालीस, 'मी गेल्यावर कोण काय म्हणालं ते लिही.' लहानपणीसारखं. पण या वेळी माझ्याकडे बातम्या कमी आहेत, कारण त्या रात्रीच्या बहुतेक सगळ्या तू स्वतः बघितल्यास.

तरी एक सांगतो. लांब्याने तुझ्या पाठीमागे झाकण उचलून बटाटा पळवला, आणि तू न वळता म्हणालीस, 'लांबोजी, झाकण होतं तसं ठेवा. बटाटा गिळलात तरी चालेल.' त्याचा घास तोंडातच राहिला आणि सगळे हसले. तू तेव्हा आरशात होतीस. मी बाकी कुणाकडे बघत नव्हतो, तुझ्याकडेच बघत होतो. सगळे हसले त्याच क्षणी तूही हसलीस. मला पळत येऊन काही सांगावं लागलं नाही.

आता तुला न दिसलेलं. तू न्हाणीघराकडे गेलीस, मामांनी रुंद करून दिलेलं सरकतं दार एका हाताने लोटलंस, तेव्हा मालक हळूच मला म्हणाले, 'आरशाची उंची कुणी काढली?' मी दोरीचं सांगितलं. ते म्हणाले, 'सात वर्षं मला वाटत होतं, तू घाबरट आहेस म्हणून दहादा मोजतोस.' आणि परत कांदा चिरायला लागले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कांदा चिरला असावा. फोडी तू बघितल्याच आहेत.

सुतारमामा काल परत आले होते. मला वाटलं पैशांसाठी. तर त्यांच्या बायकोची पाठ दोन वर्षं दुखते आहे. तिला इथे आणून ओट्याशी बसवलं. ती बसली, कोपरं टेकवली, हात थोडे इकडे तिकडे फिरवले आणि मामांकडे बघून म्हणाली, 'दुसऱ्यांची घरं सजवत फिरता.' मामा तिथल्या तिथे तिची दोरी घ्यायला लागले. साडेसव्वीस नाही भरली, पावणेसत्तावीस. मामा म्हणाले, 'ताईंना कळवा.' म्हणून कळवतो.

दुकानात लांब्या आता सगळ्यांना सांगतो की या शहरातला सगळ्यात चांगला ओटा त्याने बघितला आहे, आणि तो तळमजल्यावर आहे.

तू जाताना चहाच्या डब्याखाली पाच हजार ठेवलेस ते सापडले. या पत्राच्या घडीत परत पाठवतो आहे. ओटा मी केला आहे, तू पाहुणी होतीस. पाहुण्यांकडून पैसे घेत नाहीत. दिवाणखान्यात बसायचे ते पाहुणे, असं तू म्हणशील. या घरात दिवाणखाना नाही, ओटा आहे.

तू हिशेब मागितला होतास, तो असा:

काळा दगड, बसवणावळीसह — १८,५००
सुतारमामांची मजुरी आणि लाकूड — १३,२००
(न्हाणीघराचं दार आणि दाराची फळी त्यांनी बिलात धरली नव्हती. मी धरली. त्यावर भांडण झालं, मी जिंकलो.)
रंग आणि फरशीची दुरुस्ती — ६,३००
नळ आणि गॅसची नळी — ३,४००
आरसा — ४,८००
चार स्टुलं — ५,६००
नक्षीच्या काचा — मालकांनी घेतले नाहीत

एकूण खर्च — ५१,८००
साठवलेल्यातून दिले — ४०,०००
राहिलेलं देणं — सुतारमामांचे ५,००० आणि मालकांकडून उचललेले ६,८००, पगारातून फिटतील

तीन दोऱ्या — पोस्टाने आणि हातोहात आल्या. आरशाशेजारच्या खिळ्याला टांगल्या आहेत. त्या परत मिळणार नाहीत.